हेक्टरचे शनिवार

इन्व्हरड्रम, ४ फेब्रुवारी

चि. हेक्टरास, अनेक आशीर्वाद.

तब्येत ठीक आहे. डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू. बावीस वर्षं खासदार होतास, दर शनिवारी गावच्या हॉलमध्ये बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकलीस, सगळं मान्य. पण आता पक्षानं तुझ्या जागी माझ्या ऊनाला उभं केलं आणि काठावर का होईना, ती निवडून आली. मग दर शनिवारी एडिंबरोहून बसनं येऊन तू तिथं काय करतोस? बहिणीच्या दारावरून जातोस आणि चहालाही थांबत नाहीस! बेकरीवाली जेसी म्हणते, हेक्टर पुढच्या वेळी अपक्ष उभा राहणार. भाचीची जागा घ्यायची असेल तर निदान मला तोंडावर सांग.

मोठी बहीण आहे, लोभ तोडता येत नाही.
इशबेल

एडिंबरो, ७ फेब्रुवारी

ती. इशबेलताईस, सा. न.

जेसीच्या बातम्या तिच्या पावापेक्षा जास्त फुगतात. अगं, लोकच मला सोडत नाहीत! रांग पार दाराबाहेर जाते. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाचं छप्पर गळतंय. चहाला सवड कुठून काढू? निवडणुकीचं मात्र आत्ता काही विचारू नकोस. ऊनाला म्हणावं, लंडनमध्ये मफलर विसरू नकोस.

रागासकट माया असू दे.
हेक्टर

इन्व्हरड्रम, ११ फेब्रुवारी

चि. ऊनास, अ. आ.

मामाचं पत्र वाचून माझा संशय पक्काच झाला. काल शनिवारी त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून तडक हॉल गाठला. दाराबाहेर कुणी नव्हतं. आतही कुणी नव्हतं. भिंतीशी खुर्च्या मांडलेल्या, आणि टेबलामागे तुझा मामा, टाय लावून, दाराकडे डोळे लावून बसलेला. हॉलची राखण करणारी बाई माझ्या कानाशी म्हणाली, नाताळपासून एकच म्हातारी येते, तीही हीटरपाशी बसायला.

भांडायला गेले होते, पण फार वाईट वाटलं गं. ज्याच्याकडे एक माणूस फिरकत नाही, तो कसली निवडणूक लढवतोय! त्याच्यावर रागावू नकोस, आणि कीव तर मुळीच करू नकोस.

मला बघून तो गोरामोरा झाला. मी गुपचूप समोर बसले आणि म्हटलं, घरापुढचं गटार तुंबलंय, कौन्सिलवाले दाद देत नाहीत. त्यानं पेनाचं टोपण काढलं, आणि सगळ्यांना विचारायचा तसं मला नाव विचारलं, गाव विचारलं.

मी सांगितलं.

आई