पिल्लं निघाली की

दिनांक १२ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन करावा तर तुम्ही कुठल्यातरी टॉवरवर वायरी ओढायला चढलेले असता, नाहीतर उतरत असता. पत्र तरी जमिनीवर आल्यावर वाचाल.

यांचं सायकलचं दुकान आहे तसंच आहे. दिवसभर पंक्चर काढायची आणि घरी येऊन काळे हात माझ्या पडद्याला पुसायचे. तुमच्या चिंगीचा समोरचा दात पडला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हुशार आहे, पण तोंडातून शब्द काढत नाही. मी म्हटलं, बापावर गेलीये.

पिल्लांचं काय झालं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

जाताना तुम्ही स्वयंपाकघरात ती थर्माकोलची पेटी मांडून गेलात. आत बल्ब, पाण्याची वाटी आणि पोल्ट्रीतून आणलेली अंडी. चिंगीला म्हणालात, "रोज सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायची. पिल्लं निघाली की बाबा दारात हजर!" आणि बॅग उचललीत. तिची आई गेल्यापासून पोर तेव्हा पहिल्यांदा हसली, म्हणून मीही गप्प बसले.

काय बडदास्त ठेवली म्हणून सांगू त्या अंड्यांची! पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं फिरवायचं राहिलं ते कळावं. मी जरा झाकण उघडलं की, "काकू, गारठतील ना ती!" म्हणून माझ्यावरच डाफरायची. यांनी एकदा न्हाणीघरात अंधार करून टॉर्चवर अंडं धरून दाखवलं. आत लाल शिरा आणि मधे हलणारा एक ठिपका. पोर बघतच राहिली. मग माझा पदर ओढून म्हणाली, "काकू, याला सांग ना, लवकर ये."

एका सकाळी अंड्यांतून चिवचिव ऐकू यायला लागली. पिल्लं आतूनच बोलतात हे मला या वयात कळलं. चिंगीनं ठेवणीतला फ्रॉक घातला, माझ्याकडून दोन वेण्या घालून घेतल्या आणि दारात स्टूल टाकून बसली. दुपारपर्यंत एका अंड्याला आतून टोच पडली होती, बाकीची तशीच. टोच पडली तरी पिल्लू तासन्‌तास दम खातं. राहिलेला बलक, शिरांतलं रक्त त्या वेळात अंगात ओढून घेतं आणि मगच बाहेर येतं. तोवर हात लावायचा नसतो. हे मी नंतर पोल्ट्रीवाल्याकडून ऐकलं. तुम्हाला ते ठाऊक होतं, भाऊजी. फिरवायचं सांगितलंत, थांबायचं सांगायला विसरलात.

मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. खाली आले तर तिनं चमच्यानं एकेक अंडं सोलून काढलं होतं. सगळी. फरशीवर ती ओली, मिटल्या डोळ्यांची पिल्लं, पोटाला बलक लोंबत होता. फ्रॉकभर रक्त. एखादं हललं आणि थांबलं. ही दाराकडे बघत होती. म्हणाली, "काकू, निघाली सगळी. आता येतील ना बाबा?"

तिला मोरीत नेलं आणि तिचे हात धूत राहिले. स्वच्छ झाले तरी धूतच राहिले.

टोच पडलेलं तेवढं एक जगलं. त्याचे पाय फाकलेले होते. यांनी सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापून ते जवळ बांधले. आता नीट चालतं, कणी खातं, घरभर घाण करून ठेवतं आणि माझ्या पायांत पायांत येतं. पंखांना खरी पिसं फुटायला लागलीत. चिंगी मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिनं घाई केली म्हणून तुम्ही रागावलात, म्हणून आला नाहीत, असं तिच्या डोक्यात बसलंय. समजावून समजावून माझी जीभ थकली.

शेवटी यांना बघवेना. दुसरी अंडी आणली, पेटी पुन्हा मांडली. मग एक दिवस पेटीला हात लावला तर गार. बल्ब गेला असेल म्हटलं, तर बटण बंद. मी लावलं. संध्याकाळी पुन्हा बंद. तिला समोर धरून विचारलं, "काय गं, हे तुझे उद्योग?"

घाबरली नाही की रडली नाही. म्हणाली, "निघाली तर बाबांना यावं लागेल. ते येणार नाहीत. मग निघायलाच नको."

सहा वर्षांची पोर आहे हो ती!

इथवर लिहून मी पत्र बंद करणार होते. पण त्यापुढेही ती काही बोलली, आणि ते तुम्हाला सांगायचं मी चार दिवस टाळतेय. म्हणाली, "मी तुझ्याकडेच राहीन. तुला आई म्हटलं तर चालेल?"

आमच्याकडे पाळणा हलला नाही. या एका शब्दासाठी मी किती झुरले ते फक्त तुमच्या बायकोला माहीत होतं. माझ्या पाठीवरून हात फिरवणारी तीच एक होती. आता तिच्याच लेकीकडून तो शब्द मिळत होता, आणि कशामुळे, तर पोरीनं बापाची आशा सोडली म्हणून. भाऊजी, मला हो म्हणावंसं वाटलं. लाज वाटली, तरी वाटलं. "बाबांना विचारते," एवढंच म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि दप्तर उघडून बसली. त्या "बरं"नं मी मेले.

घर खायला उठतं म्हणून तुम्ही गेलात. कबूल. तुमचं दुःख मोजायला मी बसलेली नाही. पण पोर त्याच घरात उठते, जेवते, झोपते. तिनं कुठल्या टॉवरवर चढायचं?

यायचं असेल तर या. तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर मान खाली घालून या, पण या. यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. "बघतो", "काम संपलं की" असलं काही नको. या महिन्यात उत्तर आलं नाही तर मी तिला हो म्हणेन. आणि एकदा हो म्हटलं की मग तुम्ही दारात येऊन उभे राहिलात, पाया पडलात, तरी तो शब्द मी परत देणार नाही.

अजून तरी तिची काकूच असलेली,
तुमची वहिनी