शालूच्या गाडीवरची नोटीस

प्रति,
मा. अन्न निरीक्षक,
अन्न तपासणी कार्यालय, वर्धा

विषय : डबाबंद मासळीच्या खोट्या लेबलावरून माझ्या मृत पत्नीच्या गाडीवर लावलेली नोटीस काढणे व तसे लोकांसमोर सांगणे.
संदर्भ : आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल, आणि उत्तर न मिळालेले माझे आधीचे दोन अर्ज.

महोदय,

१. माझी पत्नी शालू सावंगी (मेघे) येथे दवाखान्यासमोर गाडीवर भात आणि मासोळी विकत होती. केरळच्या नर्सबायांना समुद्राची मासोळी लागते. ती इकडे ताजी मिळत नाही, म्हणून शालू डब्यातली तारली आणून घरच्या मसाल्यात करायची. डब्यावर सोनेरी अक्षरांत 'निर्यात दर्जा' असे होते. ते कंपनीने छापले होते.

२. आपण आलात, डबे जप्त केलेत, 'दिशाभूल करणारा माल' अशी नोटीस गाडीवर चिकटवलीत आणि शालूला शेजारी उभे करून फोटो काढलात. ती म्हणाली, "डब्यावरचं मी वाचलं साहेब, अंदर काय भरलं ते मले कसं दिसन?" आपण डबे घेऊन निघून गेलात. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. रोजची गिऱ्हाइके विचारू लागली, "काकू, सडेल मासोळी चारत होत्या काय वो आमाले?" नंतर ती गिऱ्हाइकेही येईनाशी झाली.

३. मासळी खाण्यास योग्य होती, दर्जाचा दावा तेवढा खोटा होता, असे आपलाच अहवाल म्हणतो. कंपनीने दंड भरला, लेबल बदलले. त्याच कंपनीचे डबे आज आपल्या कार्यालयाखालच्या दुकानात मिळतात. नोटीस मात्र अजून शालूच्या गाडीवर आहे. ती फाडणे गुन्हा आहे, असे आपणच त्या नोटिशीवर लिहून ठेवले आहे.

४. शालू हृदयविकाराने गेली. त्याचा आरोप मी आपल्यावर करत नाही. पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदना झाल्यावर, लोक तिच्याबद्दल बोलायला उभे राहिले. स्वभाव झाला, कष्ट झाले. तिच्या हातच्या मासोळीबद्दल एकानेही शब्द काढला नाही. खाल्ली सगळ्यांनी होती. तो विषय टाळून घरच्यांची लाज राखतो आहोत, असे त्यांना वाटले. ते मला सहन झाले नाही.

५. म्हणून आता नुसती नोटीस काढून माझे भागणार नाही. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी आपण पिपरी मेघे येथे माझ्या अंगणात यावे आणि त्याच लोकांसमोर अहवाल वाचावा. मग पंगतीत बसून तारली-भात खावा. मी करीन, तिच्यासारखा होणार नाही. डबे त्याच कंपनीचे असतील. आपणच त्यांना परवानगी दिली आहे, तेव्हा आपल्याला भीती नसावी.

पहिला घास आपण घ्यायचा आहे. त्याशिवाय तिथे कोणी ताटाला हात लावणार नाही.

आपली वाट पाहणारा,
नागसेन थूल
पिपरी मेघे, ता. जि. वर्धा
दि. ७ ऑगस्ट २०२४

सोबत : अहवालाची प्रत