थोरल्यांच्या टेबलावरची चांदी

४ नोव्हेंबर

काटे अस्सल. सुऱ्या अस्सल. साखरेचं भांडं नकली — नावाची आद्याक्षरं कोरलेल्या जागी बोटाला पत्रा पातळ लागला. म्हणजे आधीचं काहीतरी घासून काढलंय आणि वर थोरल्यांची अक्षरं कोरलीत. थोरल्यांची चांदी वाड्यावरच्या कारागिराकडून नवीकोरी बनायची. घासलेली कशाला असेल? टाकलं आटणीच्या टोपलीत.

हातमोजेवाले गिऱ्हाईक हळहळले. ‘बाई, जरा पुन्हा बघा ना!’ म्हटलं, माझं बोट खोटं बोलत नाही. हा माणूस थोरल्यांच्या काट्याला हात लावताना पांढरे मोजे घालतो! देवाचंही कुणी इतकं करत नसेल. पुस्तकांत आता ‘हुकूमशहा’ छापतात, पण तोंडातून अजून ‘थोरले’च निघतं. माझ्याही. तेव्हा लोक नाव घ्यायला चळाचळा कापायचे, आता त्यांच्या उष्ट्या काट्यांवर उड्या पडतात.

घरी गेल्या गेल्या आईचं नेहमीचं — ‘दिसला का गं?’

‘नाही.’

‘बरं.’ मग जेवली.

६ नोव्हेंबर

शेजारीण जिन्यात म्हणाली, ‘तुझ्या बाबांना ज्याने नेलं, त्याचीच भांडी पुसतेस? मढ्याच्या टाळूवरचं लोणी ते!’ म्हटलं, हो, लोणीच. आणि जिना उतरले.

किळस यायला आधी काहीतरी वाटावं लागतं. मला जाडी कळते, छाप कळतो, कोरणाऱ्याचा हात कळतो. बाकी हात आपले चालत राहतात.

या कामाला लागले ती एका डावासाठी. आजीचा, चांदीचा, वाढायचा. दांड्यावर आजी-आजोबांची अक्षरं आणि मधे एक पान, देठ जरा वाकडा. बाबांना नेलं त्याच आठवड्यात तोही घरातून गेला. आई एवढंच सांगते — ‘गेला.’ बाबांचा फोटोसुद्धा राहिला नाही, तेव्हा निदान डाव तरी तिच्या हातात पडावा. दुकानात कुठल्याही घराची अक्षरं असलेली वस्तू आली की मी आधी पान शोधते.

९ नोव्हेंबर

काही नाही. थंडी. दुकानातली शेगडी बंद पडलीय आणि मालक म्हणतात, ‘काम करा, अंगात ऊब येते.’ स्वतः शाल पांघरून बसलेत!

१३ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं.

सकाळी एक चमचा पुसायला घेतला. पातळ, म्हणजे नकली, म्हणजे टोपलीत. पण काचेवर देतात तशी तोंडाची वाफ दिली, सवयीने. गारठा इतका की वाफ धरून राहिली. आणि थोरल्यांच्या अक्षरांखाली दुसरी अक्षरं वर आली! फिकट. वाफ विरली तशी गेली. पुन्हा दिली. पुन्हा आली.

मग भिंग लावलं. वाड्यावरच्या कारागिराची एक खोड आहे — दुसऱ्या अक्षराचं शेपूट दर वेळी जरासं उजवीकडे घसरतं. नकला करणारे ते सरळ काढतात, त्यांना वाटतं सरळ तेच खरं. या चमच्यावर शेपूट घसरलेलं होतं.

म्हणजे तोच हात. सगळी चांदी नवीकोरी नव्हतीच. लोकांच्या घरातून उचललेली घासायची आणि वर आपली अक्षरं. मी नकली म्हणून जे जे टोपलीत टाकलं, त्यात हे किती गेलं असेल?

मालकांना सांगितलं. त्यांनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली. ‘आणि जे आटवलं?’

‘ते गेलं.’

‘मग तोंड उघडू नका, बाई. आपलेच दात, आपलेच ओठ.’

मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. घरी आईला ‘नाही’ म्हटलं. ‘बरं’ म्हणाली आणि भात पुन्हा घेतला.

१४ नोव्हेंबर

टोपली उपडी केली. एकेकाला वाफ. कुणाकुणाची अक्षरं. कुठे फूल, कुठे नुसती रेघ. आमचं पान नाही. आधी गेलेल्यात असलं तर? हा विचार डोक्यात आला आणि नुसता बसून राहिला.

१८ नोव्हेंबर

आज हातमोजेवाल्यांनी मखमलीतून डाव काढला. हातात घेताक्षणी कळलं. भिंगाचं नाटक केलं. मग पाठ फिरवून वाफ दिली.

पान. वाकडा देठ.

काखेत कळसा नि गावाला वळसा! इतकी वर्षं घराघरांची अक्षरं चाळली, थोरल्यांच्या अक्षरांखाली बघायचं कधी सुचलं नाही.

अस्सल म्हटलं असतं तर डाव त्यांच्या काचेच्या कपाटात गेला असता. नकली ठरलेला माल गिऱ्हाईक परत नेत नाही, दुकान तो आटणीच्या दराने ठेवून घेतं. मी म्हटलं, नकली. दाखल्यावर तसं लिहून खाली सही केली. असलं खोटं मी आजवर लिहिलं नव्हतं.

त्यांनी मोजे काढले. ‘तुमचं बोट म्हणजे बोट! आमचंच नशीब फुटकं.’ बिचारे. खरंच बिचारे वाटले.

मालकांना म्हटलं, हा मी घेते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डावाकडे बघितलं. ‘न्या,’ म्हणाले. एवढंच.

वाटेत हसू येत होतं. पिशवी छातीशी धरून चालले. किती दिवसांनी मला काहीतरी वाटलं! आई झोपली होती. उद्या देईन.

१९ नोव्हेंबर

सकाळी डाव आईच्या हातात दिला. वाफ देऊन पान दाखवलं. वाफ विरेपर्यंत तिने पाहिलं. मग थोरल्यांच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली.

‘हा कुणी नेला नव्हता गं. मीच दिला होता. तुझ्या बाबांना घेऊन गेला त्या अंमलदाराच्या पाया पडले, म्हटलं, एवढा थोरल्यांना पोचवा आणि आमचा माणूस सोडायला सांगा. इतकी वर्षं मी म्हणत आले, मेल्याने वाटेतच गिळला असेल. थोरल्यांच्या कानावर गेलंच नसेल, नाहीतर त्यांनी सोडलं असतं.’

डाव माझ्याकडे परत दिला.

‘म्हणजे पोचला होता.’