चाँदमामा पाणी मागतात

२ नोव्हें.
कुरकुंभ. कंपनीत पहिली पाळी. रूमवर येऊन लॅपटॉप उघडला. तलवार-राक्षसाचा गेम एकच, दोस्त अस्लमनं त्याला भट्टीचा मॉड, म्हंजी घरची जोड, केलाय, मी शेतीचा. वेगळे लावले की चालतात. एकत्र लावले की त्याचा लोहार मुका. लोहाराला आवाज चाँदमामांचा, म्हंजी अस्लमच्या नानांचा, अम्मीच्या वडलांचा. भांडगावात कोयते करायचे, गेल्या वर्षी गेले. ज्या फोनात त्यांची रेकॉर्डिंगं व्हती तो कालव्यात पडला, आवाज एवढ्याच मॉडमधी उरलाय. मी माझ्यात हुबेहूब भांडगाव केलंय, वडासकट. अस्लमला मामा त्या वडाखाली हवेत, अम्मीला दाखवायला. म्हणून दोन्ही जुळवायचा पॅच माझ्या गळ्यात.

५ नोव्हें.
जमला! लोहार "पाणी दे" म्हणतो, माझा माणूस तांब्या देतो, तो पितो. पिऊन खाली बसला. मग बोलेचना.
अस्लम हसून लोळला. "आरं औशाच्या येड्या, पाणी लोखंडाला! लाल कोयता बुडवायचा, धारंला पाणी द्यायचं."
आमच्याकडं औशाला पाणी पिकाला, नायतर पाव्हण्याला. मला काय म्हाईत.
मग उठून बसला. म्हणला, "शिरूरला दवाखान्यात नाना हेच म्हणायचे. पाणी दे. डॉक्टरनं तोंडानं पाणी द्यायचं बंद केलेलं. अम्मी वल्ला कापूस फिरवायची ओठावर."

८ नोव्हें.
तांब्याचं सगळं काढून टाकलं. आता कोयता बुडतो, चर्र होतं. बरोबर.
पण मामा ऐरण सोडून चालत येतात. माझ्या माणसापुढं ओंजळ धरून उभे.
ओंजळीचं मी काय लिहिलेलं न्हाई. अस्लमनंबी न्हाई.

११ नोव्हें.
हेडफोन लावून ऐकलं. रेकॉर्डिंग भट्टीवरचं, मागं घण असायचा. आता घण न्हाई. पंखा. कर्र… कर्र…
रूमवरचा बंद केला. परत ऐकलं. हाय.
अस्लमनं ऐकलं आन् हेडफोन खाली ठेवला. "नानांच्या वॉर्डातला हाय."
पॅच काढला, त्याची मूळ फाइल लावली. तिच्यातबी पंखा. च्यायला मूळ फाइलला तर हातच लावला नव्हता.

१५ नोव्हें.
दुसरी पाळी. त्याआधी भांडगाव, अस्लमच्या घरी. म्हणला, अम्मीपासून लपवून काय उपयोग.
अम्मी स्क्रीनला नाक लावून बसली. वड बघून हसली. मग मामा आले, ओंजळ पुढं.
"पाणी दे."
"अस्सेच उभे राहायचे हापशावर अब्बा," अम्मी म्हणली. "आरं, बघत काय बसलाय, द्या की त्यांला."
अस्लम म्हणला, "अम्मी, प्यायले की परत बोलत न्हाईत. मागं तसंच झालं. आन् मूळ फाइलचाबी आता भरवसा न्हाई."
 
अम्मीनं तांब्या परत जोडायला लावला. जोडला. बटण कुठलं इचारलं. दाखवलं. बोट ठेवलं तिनं.
"पाणी दे."
दाबलं न्हाई. डोळ्याला पदर, बोट तिथंच.
"पाणी दे."
रस्त्यावर कंपनीच्या गाडीनं हॉर्न दिला. उठलो. दारातनं वळून बघितलं, बोट अजून बटणावर तसंच.
गाडीत लिहितोय. कुरकुंभ आलं. अस्लमचा फोन न्हाई, मीबी केला न्हाई. घसा सुकलाय. बाटली भरलेली हाय मांडीवर, पण प्यावं वाटंना.