रोज एक फोटो

६ फेब्रुवारी

ती दुकानात आली! वरच्या मजल्यावर राहते, वर्षभर जिन्यात नुसतं "सरक जरा" म्हणून जाते — आणि आज माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभी! फोन पुन्हा आपटलाय. काच बदलून दिली. मग म्हणाली, "हा कधी कायमचा बंद पडला तर? आईचे सगळे फोटो यातच आहेत." तिची आई गेल्या मार्चमध्ये गेली.

मी म्हटलं, कंपनीकडे चढवून ठेव, आपोआप होतं. तर म्हणे, "परक्याच्या मशिनवर माझी आई नको. माझ्या घरात राहू दे."

मी करून देतो म्हटलं. मालकांनी भुवई उडवली. उडवू देत.

८ फेब्रुवारी

दुकानातला जुना कॉम्प्युटर तिच्या कपाटाखाली बसवला. वायर नाही, काही नाही. ती घरी आली की फोन वायफाय पकडणार आणि नवे फोटो आपसूक मशिनमध्ये जाणार. वायफाय आमचंच, वर-खाली एकच. तिचा दादा दारात उभा राहून बघत होता. गोदामात पोती उचलतो, दंड माझ्या मांडीएवढे. "डॉक्टर, चहा घेणार?" डॉक्टर! अर्ध्यात कॉलेज सोडलेल्याला! टोमणा होता की माया, कळलं नाही.

ती म्हणाली, "दोन्हीकडे सारखंच ठेव हं. इथे खोडलं की तिथेही गेलं पाहिजे. पसारा नको." ठेवलं तसं. फोन रखडत होता म्हणून त्यातली कचरापेटीही बंद करून टाकली.

पासवर्ड मी टाकला. तो बदलायचा असतो हे सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

टिंग! माझ्या लॅपटॉपवर. ती घरी आली. चार फोटो.

१५ फेब्रुवारी

दातांच्या दवाखान्यातलं तिचं टेबल. उघडा डबा. ट्रायल रूममधला पिवळा ड्रेस — घेतला नाही तिने. मी बरोबर असतो तर घ्यायला लावला असता.

टिंग वाजलं की मी आईला म्हणतो, "आली बघ." आई म्हणते, "कोण, वरची? पावलांवरून कळतं होय तुला?" आई तिला 'वरची' म्हणते. डोकं फिरतं माझं.

आज सगळ्याची एक प्रत माझ्या डिस्कवर उतरवून घेतली. तिच्याच सोयीसाठी. छे, खोटं. माझ्यासाठी. डिस्क जुन्या बुटांच्या खोक्यात, पलंगाखाली.

१७ फेब्रुवारी

तिच्या डब्याशेजारी एक चष्मा. पुरुषाचा.

१९ फेब्रुवारी

आज चष्मेवाला अख्खा आला. दवाखान्याचाच पांढरा कोट. हनुवटी तिच्या खांद्यावर. सोळा फोटो! मोजले मी!! आणि ती हसतेय कशी — मला जिन्यात इतके दात कधी दिसले नाहीत.

तिला जिन्यातच गाठली. "काय मग, चष्मेवाला काय म्हणतो?"

थांबली. "कोण चष्मेवाला? तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

वर जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे! पहिल्यांदाच!

२० फेब्रुवारी

दुपारी दुकानातून डोकं दुखतंय सांगून आलो. लॅपटॉप उघडला. तिच्या मशिनवरचं सगळं निवडलं. त्या माणसाचे सोळा फोटो वेगळे काढायला धीर कुणाला होता? सगळंच खोडलं. फोनमध्ये आहेच की तिच्याकडे, म्हटलं. नुसती दचकू दे. धावत येऊ दे माझ्याकडे.

सहा पंचवीसला पावलं वाजली. वर गेली. फोनने वायफाय पकडलं असणार. आणि मग आवाज. किंचाळी नव्हे. नुसतं "आई". जरा वेळाने पुन्हा, "आई".

इथे खोडलं की तिथेही. मीच लावून दिलेलं! कचरापेटी बंद, तीही मीच.

कॉलेजात सर हेच शिकवत होते. "सारखं ठेवणं वेगळं आणि जपून ठेवणं वेगळं, लिहून घ्या." मी मागच्या बाकावरून मोठ्याने जांभई दिली. त्यांनी वर्गाबाहेर काढलं. मी परत गेलोच नाही.

२१ फेब्रुवारी

डोळे सुजवून खाली आली. माझ्या पलंगावर बसली. "काहीतरी कर ना रे. तिचा आवाज होता त्यात. मला हाक मारते, तो एकच व्हिडिओ होता."

डिस्क तिच्या टाचांच्या मागे, हातभर अंतरावर. खोक्यात. नुसतं वाकायचं होतं.

पण वाकलो तर सांगावं लागणार ना, माझ्याकडे कशी आली.

"अवघड आहे," मी म्हटलं. "बघतो. मशीन चालू ठेव, जे सापडेल ते त्यातच टाकतो."

२२ फेब्रुवारी

एक दिला. तिची आई खिडकीत केस वाळवताना. फार झटून ओढून काढला, असं सांगितलं. तिने माझा हात धरला. दोन्ही हातांनी!

उद्या आणखी एक. रोज एक.

२५ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी येते. स्वतः चहा करून आणते, साखर किती तेही तिला आता ठाऊक झालंय. तिच्या दादाने जिन्यात मिठी मारली, बरगड्या मोडल्या असत्या. "डॉक्टर, आमच्या आईला परत आणतोयस. मागशील ते देईन."

आज मुद्दाम नाही दिला. "आज काहीच हाती लागलं नाही गं." तिचा चेहरा पडत गेला, तो मी बघत बसलो. लाज वाटली. मग मजा वाटली. दोन्ही लिहून ठेवतो — इथे खोटं बोलून कुणाला फसवू?

२६ फेब्रुवारी

तो व्हिडिओ पाहिला. नऊ सेकंद. तिची आई ओट्याशी पाठमोरी उभी. वळते. "अगं शहाणे, आधी तो फोन ठेव आणि ताटं घे." मग हसते. संपलं.

चौदा वेळा पाहिला. बाहेरून आईने विचारलं, "कोण बाई आलीय रे आत?"

२८ फेब्रुवारी

"परवा तिला जाऊन वर्ष होईल," ती म्हणाली. "तोवर मिळेल का रे तो व्हिडिओ?"

"प्रयत्न करतोय."

चहाचा कप हातात फिरवत बसली. मग अगदी सहज विचारल्यासारखं — "चष्म्याचं तुला कुणी सांगितलं होतं त्या दिवशी?"

"विसरलो."

"बरं," म्हणाली. माझ्या लॅपटॉपकडे बघत होती. मग खोलीभर नजर फिरवली. पसारा दिसला असणार. आवरायला हवी खोली.

जाताना स्वतःचा चार्जर विसरून गेली. उशाशी ठेवलाय.

१ मार्च

ठरलं. उद्या सांगणार — व्हिडिओ सापडला, पण आधी चष्मेवाल्याला सोड. माझ्यासमोर फोन लाव आणि सोड. मग नऊ सेकंद तुझे.

नाही म्हणाली तर? तर तिच्यासमोर डिस्कवर हातोडी. बघू दे एकदा आपल्या आईला दुसऱ्यांदा जाताना.

आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज कापत नाही. छान!

वही गादीखाली, डिस्क खोक्यात, हातोडी खिडकीत. झोपतो.

२ मार्च

दुकानातून आलो. आई म्हणाली, "दुपारी वरची येऊन गेली. चार्जर राहिला होता म्हणे. बराच वेळ शोधत होती बिचारी."

चार्जर उशाशी तसाच आहे.

लॅपटॉप उघडला. टिंग. एकच नवा फोटो. या वहीचं कालचं पान. कोपऱ्यात तिचा अंगठा.

खोक्यात नुसते बूट.

वरून व्हिडिओचा आवाज येत होता. 'अगं शहाणे'. पुन्हा. पुन्हा. आत्ता थांबला. जिन्यात पावलं — एक हलकं, एक जड. दाराशी आली. आई हसून म्हणतेय, "या, या. आहे ना, आतच आहे तो."