अविधवा नवमीचं पान

११ सप्टेंबर
आलो बुवा जबलपूरला. आलोकचं घर पनागर रोडवर, कॉलनीच्या पार टोकाला. मागचं फाटक उघडलं की समोर दलदल. फॅक्टरीतून दमून आलेला मुलगा म्हणतो, बाबा, तिकडे मच्छर आहेत. म्हटलं, असू दे रे, सारी नोकरी पोस्टाच्या खिडकीत गेली, आता जरा आभाळ बघू दे.

पाणी ओसरून राहिलंय. काठाने पायवाट, दोन्हीकडे पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत, कास, फुललेला. शिंगाड्याच्या वेलींवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतो, खाली पाणी आहे हे त्याच्या गावीही नाही. जांभळ्या पाणकोंबड्या शेपटी उडवत पाणकणसांत शिरतात. बेशरमाची फुलंसुद्धा आज गोड वाटली. शाळेतल्या शरदाच्या कविता मोठ्याने म्हटल्या. पूर्वी ओळ अडली की पुढची स्वयंपाकघरातून यायची, फोडणीच्या आवाजातून. आता अडली की अडलीच.

१३ सप्टेंबर
नात प्रणोती बरोबर यायचं म्हणते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. 'आबाजी, आप चिड़िया को पोयम क्यों सुनाते हो? वो स्कूल थोड़ी जाती है.' सूनबाई शर्मिला म्हणाली, बाबा, तिला नका नेऊ, काठ भुसभुशीत आहे. मागल्या वर्षी एक गाय आत गेली तर शिंगही दिसलं नाही. नाही नेणार म्हटलं. या पोरीच्या जन्माआधीच तिची आजी गेली. डोळे मात्र आजीचे घेऊन आली.

१५ सप्टेंबर
अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकोचं पान आज. शर्मिलाने खीर, वडे, सगळं मनापासून केलं. गच्चीवर पान ठेवलं, पण कॉलनीत कावळाच नाही. शेवटी उचलून दलदलीच्या काठावर नेलं.

कावळा शिवत नसला की गेलेल्याच्या मनात काय राहिलं ते ओळखायचं, आणि कबूल करायचं. म्हटलं, अगं, आलोकला जपीन. अगं, गोळ्या वेळेवर घेईन. काही नाही. मग म्हटलं, अगं, नात आणीन तुला दाखवायला.

कास हलला. एक काळा पक्षी आला, उडत नाही, चालत. ओला. बोटं कमळपक्ष्यासारखी, पण फारच लांब. खाल्लं काही नाही. भातावर नुसती चोच टेकवली आणि माझ्याकडे बघत मागे मागे गेला. कोणता ते ओळखता आलं नाही. पण मन भरून आलं.

१७ सप्टेंबर
आज दलदलीवर एकही पक्षी नाही. पायाची बोटं बधिर. शुगर असेल. पिशवीत दुर्बीण शोधली तर प्रणोतीचे बूट निघाले. मी कधी ठेवले?

१८ सप्टेंबर
शेजारच्या अंजनीबाई येऊन बसल्या. आमच्याच मुलखातल्या. पानाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, भाऊ, नाव घेऊन बोलावलं ना? मी हसलो. बायकोचं नाव जन्मात कधी घेतलं नाही, 'अगं'च म्हणत आलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तिथं जे कोणी होतं त्याला वाटलं असंल, मलाच बोलावून राहिले. काहून केलं असं, भाऊ. चहा तसाच ठेवून गेल्या.

१९ सप्टेंबर
दुसरं पान नेलं. नाव घेतलं. अनसूया. जीभ अडखळली. शब्द संपतो तोच आभाळातून कावळा उतरला, साधा, राखी मानेचा. घास घेऊन गेला. काहीच कबूल करावं लागलं नाही.

म्हणजे नवमीला आलं ते ती नव्हती.

मोठ्याने म्हटलं, दिलेला शब्द परत घेतो. दोनदा म्हटलं. कास हलला नाही. भीती वाटायला हवी होती. पायांना गुडघ्यापर्यंत काही लागत नाही. आतही नाही.

२० सप्टेंबर
शर्मिलाला सांगितलं, मागच्या फाटकाला कुलूप लाव, किल्ली मला देऊ नको. ती म्हणाली, काय बाबा, सकाळी तुम्हीच तर हिला बूट घालून फाटकाशी उभे होते. मला आठवत नाही. कविता आठवायला बसलो. एकही —

२१ सप्टेंबर
आलोक ड्युटीवर. शर्मिला इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात. मी आणि पोरगी. फाटकाला कुलूप आहे. किल्ली कुठे, माहीत नाही. बरं आहे. लिहीत बसतो, हात गुंतलेले राहतील —

किल्ली माझ्याच खिशात होती.

काठावर बसलोय. वही मांडीवर. उजव्या हातात पेन, डाव्यात तिचा हात. प्रणोती विचारते, आबाजी, वो चिड़िया चलके क्यों आ रही है? मला दिसत नाही. म्हटलं, घरी चल. उठता येत नाही —

ती म्हणते, हाथ छोड़ो ना आबाजी, बुला रही है —

डावा हात खांद्यापर्यंत बधिर. धरलाय की सुटलाय, कळत — बघायला पाहिजे — मान वळत —