एकदम उलटलेली दोन पानं

प्रिय आई,

हे पत्र धाकटीकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाईट वाटेल ते ती गाळते. मागच्या पत्रातला माझा ताप तिने असाच गाळला होता. शेजारच्या शिवणवाल्या काकूंना बोलाव. धाकटी फुगली तर फुगू दे.

मी नेमकं काय करते, असं तू विचारतेस. आमच्याकडे एकाच वेळी चार नव्या औषधांची चाचणी चालते. औषध डॉक्टर देतात. कोणी कुठल्या दिवशी यायचं, कोणाची सही कुठे हवी, हे सगळं माझ्याकडे. चार सासवांची एकच सून, असं आमची नर्स म्हणते. निघताना कपाटाचं कुलूप मी तीनदा ओढून बघते.

गेल्या गुरुवारी सांधेदुखीच्या चाचणीसाठी एक आजी आल्या. त्यांना वाचता येत नाही. अशा वेळी चाचणीशी संबंध नसलेलं तिसरं माणूस शेजारी बसवून संमतीपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. मग आजींचा अंगठा आणि त्या माणसाची सही. पण दुसऱ्या चाचणीचे तपासनीस फायलींसाठी खोळंबले होते. मी एकटीनेच भराभर वाचलं आणि नंतर कॅन्टीनवाल्या मावशींना हाक मारली. त्या म्हणाल्या, "अगं, मी आत्ता येतेय, मी काय ऐकलं?" मी म्हटलं, "सगळं वाचलंय, करा सही."

वाचून झालेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी बारीक खूण करते. संध्याकाळी पाहिलं तर पाचव्या-सहाव्या पानावर खूणच नाही. दोन पानं एकदम उलटली होती. औषधाने यकृताला त्रास होऊ शकतो आणि नको वाटलं तर केव्हाही सोडता येतं, हे त्यातच होतं. आजींनी गोळ्या सुरू केल्यात.

मोठे डॉक्टर म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन खुणा कर आणि घरी जा. वाईट नाहीत गं ते. ही नोकरी त्यांनीच दिली. चार दिवस मी पेन उचलून खाली ठेवत होते. आज सकाळी चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीला माझ्या सहीने चूक कळवली. उद्या आजी येतील, मावशी पहिल्या ओळीपासून बसतील. नोकरीचं काही सांगता येत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. कारखान्यात मशीनमध्ये तुझा डावा हात सापडला तेव्हा मी सहावीत होते. दवाखान्यात कागद पुढे आला, तो तू माझ्या हातात दिलास. आमची पोरगी शिकलेली आहे, असं नर्सलाही सांगितलंस. त्यातल्या दोन ओळी मला कळल्या नाहीत, आणि तसं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "सगळं वाचलंय, लाव अंगठा." दोन बोटं काढावी लागतील, असं त्या ओळींत होतं. शुद्धीवर आल्यावर तू पट्टीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि काही विचारलं नाहीस. आजवर नाही. आता विचार. उत्तर काकूंकडून लिहून घे, आणि त्यांना सांग, मला वाईट वाटेल तेही गाळू नका.

तुझीच,
शिकलेली पोरगी